कलकत्ता विद्यापीठाची विज्ञानसंपत्ति

विद्यापीठ म्हटलें कीं सामान्य गृहस्थाच्या डोळ्यांपुढें प्रथम उभी राहते ती परीक्षा. अर्ज, शुल्क, प्रश्नपत्रिका, निकालाच्या दिवशीं वर्तमानपत्राभोंवतीं जमलेलीं घरांतील माणसें आणि शेवटीं काळ्या झग्यांतील पदवीदान-समारंभ, एवढ्यांतच त्या संस्थेचें सारें कार्य सामावलें आहे असा समज फार दिवस रूढ होता. आणि तो अगदींच निराधार होता असें नाहीं. इ. स. १८५७ मध्यें कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें जीं तीन विद्यापीठें स्थापन झालीं, तीं त्या काळच्या लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर बेतलेलीं होतीं. शिकवावें महाविद्यालयांनीं आणि परीक्षा घ्यावी विद्यापीठानें, अशी ती वांटणी. ज्ञान कोठें तरी समुद्रापलीकडे तयार होत असतें. तें पुस्तकांच्या रूपानें इकडे येतें. विद्यार्थ्यानें तें किती पचविलें हें मोजून त्याच्या हातीं एक कागद द्यावा, कीं विद्यापीठाचें कर्तव्य संपलें. ज्ञान येथेंच निर्माण करावें ही कल्पना त्या व्यवस्थेंत कोठेंच बसत नव्हती.

या तिघांपैकीं कलकत्ता विद्यापीठानें हा सांचा प्रथम मोडला, आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून पुढें तीस-पस्तीस वर्षें भौतिकशास्त्र, रसायन, वनस्पतिशास्त्र, मानसशास्त्र, संख्याशास्त्र अशा परस्परांपासून दूर असलेल्या शास्त्रांत मोलाची भर घातली. हें कसें घडलें, आणि या संपत्तीचा हिशेब नेमका कोणाच्या खात्यावर मांडावयाचा, हे दोन्ही प्रश्न विचार करण्यासारखे आहेत. महाराष्ट्रीय श्रोत्यांना तर या कथेंत आपल्याकडील माणसेंहि भेटतात, आणि तीं अगदीं अनपेक्षित जागीं.

त्यांतलें पहिलें नांव शेठ प्रेमचंद रायचंद यांचें. मुंबईच्या कापसाच्या व शेअरांच्या बाजारांतील हे एके काळचे अनभिषिक्त राजे. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या दिवसांत मुंबईंत कापसावर सोन्याचा पाऊस पडला. १८६५ मध्यें युद्ध संपतांच तो थांबला, पेढ्यामागून पेढ्या बुडाल्या, आणि त्या पुरांत प्रेमचंदांचें वैभवहि वाहून गेलें. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा त्यांच्या देणगीनें व त्यांच्या मातोश्रींच्या नांवानें उभा आहे हें मुंबईकरांना ठाऊक असतें. परंतु याच गृहस्थांनीं १८६६ मध्यें कलकत्ता विद्यापीठालाहि दोन लाख रुपये दिले, ही गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. त्या रकमेच्या व्याजांतून ‘प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ति’ निघाली. आरंभीं तीहि एका अवघड परीक्षेचें बक्षीसच होती. पुढें तिच्यासाठीं स्वतंत्र संशोधनाचा प्रबंध मागण्यांत येऊं लागला. विद्यापीठांत जो पालट व्हावयाचा होता त्याची चाहूल या एका बदलांत ऐकूं येते.

ही शिष्यवृत्ति मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांत १८८६ सालचें एक नांव आहे आशुतोष मुखर्जी. विद्यार्थिदशेंतच त्यांचे गणितावरील निबंध प्रसिद्ध होऊं लागले होते, आणि गणितांतच आयुष्य घालवावें अशी त्यांची इच्छा होती. परंतु संशोधन करणाऱ्या गणित्याला पोटापुरतें आसन देण्याची त्या वेळच्या विद्यापीठाची ऐपत नव्हती. निरुपायानें ते वकिलीकडे वळले आणि १९०४ मध्यें उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. पण जें आसन स्वतःला मिळालें नाहीं तें पुढच्या पिढीसाठीं निर्माण करावयाचें, हा ध्यास त्यांनीं सोडला नाहीं. १९०६ ते १९१४ व पुन्हा १९२१ ते १९२३ असे ते विद्यापीठाचे कुलगुरु होते. दिवसा न्यायासन आणि उरलेल्या वेळांत विद्यापीठ, असा त्यांचा क्रम. १९०४ च्या कायद्यानें विद्यापीठांना स्वतः शिकविण्याचा अधिकार मिळाला होता. इतरांनीं तो कलम म्हणून वाचला; आशुतोषांनीं तो सनद म्हणून वापरला.

सनद मिळाली तरी पैसा हवा, आणि सरकारकडून अपेक्षिलेलें साहाय्य आलें नाहीं. तो पैसा दोन वकिलांनीं दिला. सर तारकनाथ पालित यांनीं १९१२ मध्यें जमीन, घर व रोकड मिळून सुमारें १५ लाखांची मिळकत विद्यापीठाच्या हवालीं केली. सर रासबिहारी घोष यांनीं १९१३ मध्यें १० लाख दिले आणि १९१९ मध्यें आणखी सुमारें ११ लाखांची भर घातली. वकिलीच्या कमाईला नांवें ठेवण्याची आपल्याकडे रीतच आहे. त्या रीतीला हें एक भरभक्कम उत्तर समजण्यास हरकत नाहीं. २७ मार्च १९१४ रोजीं अपर सर्क्युलर रोडवर विज्ञान महाविद्यालयाची कोनशिला बसली. पालितांच्या निधींतून रसायन व भौतिकशास्त्राचीं, घोषांच्या निधींतून उपयोजित गणित, भौतिकशास्त्र, रसायन व वनस्पतिशास्त्र यांचीं आसनें निर्माण झालीं. या आसनांवर भारतीयांचीच नेमणूक व्हावी, अशी दात्यांची अट होती. वरिष्ठ शिक्षणखात्यांत जेथें देशी विद्वानाला युरोपीय सहकाऱ्याहून कमी दर्जा व कमी वेतन मिळे, त्या काळांत या अटीचें मोल किती हें निराळें सांगावयास नको.

आसनावर बसण्यापूर्वीं परदेशांत जाऊन शिक्षण घ्यावें, अशीहि अपेक्षा होती. चंद्रशेखर व्यंकट रामन यांना पालित-आसन देऊं केलें, तेव्हां हिशेबखात्यांतील बड्या पगाराची सरकारी नोकरी सोडून बऱ्याच कमी वेतनावर येण्यास ते तयार झाले. परंतु शिकण्यासाठीं परदेशीं जाण्याचें मात्र त्यांनीं साफ नाकारलें. आशुतोषांनीं अट बाजूला ठेवली, माणूस घेतला. १९१७ मध्यें रामन रुजू झाले. उलट घोष-आसनांवर नेमलेले दोघे तरुण अटीप्रमाणें १९१४ मध्यें जर्मनीस गेले, आणि पोंचतात न पोंचतात तोंच महायुद्ध पेटलें. भौतिकशास्त्राचे देवेंद्रमोहन बोस आणि वनस्पतिशास्त्राचे शंकर पुरुषोत्तम आघारकर हे ते दोघे. ब्रिटिश प्रजाजन म्हणजे जर्मनांच्या दृष्टीनें शत्रु. तेव्हां दोघेहि तेथेंच अडकून पडले, आणि आघारकरांना तर कांहीं काळ स्थानबद्धतेंत काढावा लागला.

आघारकर हे मालवणचे, जन्म १८८४ चा. मुंबईस एल्फिन्स्टन महाविद्यालयांत शिकवीत असतां सुट्या मिळतांच सह्याद्रि पालथा घालावयाचा, ही त्यांची हौस. अशाच भटकंतींत तेथील नदीच्या गोड्या पाण्यांत त्यांना जेलीफिशची एक जाति सांपडली. जेलीफिश हा समुद्रांतला प्राणी. त्याच्या गोड्या पाण्यांतल्या या कुळांतील जाति तोंपर्यंत आफ्रिकेंतच आढळल्या होत्या. सह्याद्रींत तिचा आढळ होणें ही गोष्ट जुन्या काळच्या भूखंडांच्या संबंधाविषयीं विचार करणाऱ्यांना फार महत्त्वाची वाटली. वनस्पतिशास्त्राच्या या अध्यापकाचें नांव प्रथम झालें तें असें एका प्राण्यामुळें! बर्लिनमध्यें युद्धाच्या धामधुमींतहि त्यांनीं काम थांबविलें नाहीं. वायव्य हिंदुस्थानांतील रुक्ष व खारवट भूमीवर वाढणाऱ्या वनस्पति मूळच्या कोठल्या, त्यांचें बीं कशाच्या साहाय्यानें पसरतें, या विषयावर प्रबंध लिहून त्यांनीं तेथील डॉक्टरेट मिळविली, आणि मग कलकत्त्यास येऊन १९४६ पर्यंत वनस्पतिशास्त्राचा विभाग चालविला.

त्यांच्या नांवावर दिपविणारा असा एखादा शोध नाहीं. वनस्पतींचा संग्रह जमविणें, त्यांची नीट ओळख पटवून नोंद करणें, विद्यार्थी तयार करणें, या शास्त्राचें नियतकालिक व परिषद चालविणें, असें त्यांचें काम. आणि अशीं कामें करणारीं माणसें प्रसिद्धीच्या यादींत सहसा मागें राहतात. परंतु निवृत्तीच्या वर्षींच, १९४६ मध्यें, पुण्यास ‘महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी’ ही संस्था निघाली, आणि तिचे मानद संचालक म्हणून आघारकरांनीं १९६० मध्यें मृत्यु येईपर्यंत ती पोसली. कलकत्त्यास महेंद्रलाल सरकार यांनीं १८७६ मध्यें काढलेली विज्ञानवर्धक संस्था त्यांनीं अनेक वर्षें पाहिली होती. पुण्याच्या संस्थेच्या नांवांतच त्या आठवणीचा ठसा आहे. १९९२ पासून ती आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते, आणि गहूं, सोयाबीन व द्राक्षें यांच्या नव्या वाणांमुळें तिचें काम महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत पोंचलें आहे. कलकत्ता विद्यापीठाच्या कमाईंत हें धरावयाचें कीं नाहीं?

हा प्रश्न बाजूस ठेवून आतां ज्यांच्याविषयीं असा वाद नाहीं त्या मेघनाद साहांकडे वळूं. डाक्याजवळच्या एका खेड्यांतील गरीब दुकानदाराचा हा मुलगा. १९१५ मध्यें गणिताच्या एम्. एस्सी. परीक्षेंत सत्येंद्रनाथ बोस पहिले आणि साहा दुसरे आले. नवें भौतिकशास्त्र येथें शिकविलें गेलें पाहिजे असा आग्रह ज्या तरुणांनीं धरला, त्यांनाच आशुतोषांनीं शिष्यवृत्ति देऊन सांगितलें कीं, तें तुम्हीच शिका आणि तुम्हीच शिकवा. १९१६ मध्यें ते विज्ञान महाविद्यालयांत दाखल झाले. युद्धामुळें युरोपांतून ग्रंथ येत नव्हते. ब्रूल नांवाच्या एका विद्वान् प्राध्यापकांच्या खासगी संग्रहांतील जर्मन पुस्तकें मागून आणून यांचा अभ्यास चाले. ज्या विषयांत स्वतःला शिक्षक लाभला नाहीं त्याचेच हे शिक्षक! पण फळ काय आलें तें पाहावें. आइन्स्टाइन व मिंकोव्स्की यांच्या सापेक्षतेवरील मूळ जर्मन निबंधांचें साहा व बोस यांनीं इंग्रजी भाषांतर केलें; प्रशांतचंद्र महालनोबीस यांनीं त्याला ऐतिहासिक प्रस्तावना जोडली; आणि १९२० मध्यें कलकत्ता विद्यापीठानें तें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. त्या निबंधांचें पुस्तकरूपानें निघालेलें हें पहिलें इंग्रजी भाषांतर होय, आणि तें इंग्लंडांत झालें नसून अपर सर्क्युलर रोडवर झालें.

त्याच वर्षीं साहांचा मुख्य शोध प्रसिद्ध झाला. ताऱ्याचा प्रकाश त्रिकोणी कांचेंतून नेला म्हणजे त्याचा रंगीत पट्टा पडतो आणि त्या पट्ट्यावर बारीक काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठराविक. जणूं त्याची अंगठ्याची निशाणीच. अमेरिकेंत हार्वर्ड येथें लक्षावधि ताऱ्यांच्या वर्णपटांची वर्गवारी चालली होती. पण एका वर्गांत हायड्रोजनच्या रेषा ठसठशीत, तर दुसऱ्यांत धातूंच्याच कां, याचें कारण उलगडत नव्हतें. निरनिराळे तारे निरनिराळ्या द्रव्यांचे बनले असतील, असें सहज वाटे. साहांनीं दाखविलें कीं, द्रव्यें तींच असतील, फरक तापाचा आहे. उष्णता वाढत गेली कीं परमाणूच्या अंगावरील एक इलेक्ट्रॉन सुटा होतो, आणि असा उघडा पडलेला परमाणु निराळ्याच रेषा उमटवितो. पाणी किती तापल्यावर वाफ होईल हें जसें तापावर व दाबावर अवलंबून असतें, तसाच हाहि व्यवहार आहे. दाब कमी तर इलेक्ट्रॉन लौकर सुटतो. या विचाराला त्यांनीं समीकरणाचें रूप दिलें, आणि हार्वर्डचे सारे वर्ग ही तापमानाची एक सरळ शिडी आहे असें दिसून आलें. रुबिडियम धातूच्या रेषा सूर्याच्या तप्त पृष्ठावर दिसत नसल्या तरी तेथील थंड डागांत दिसतील, असें त्यांचें भाकित होतें. रसेल या अमेरिकन ज्योतिषानें शोध घेतला, आणि त्या तेथें दिसल्या. १९२५ मध्यें सिसिलिया पेन या विदुषीनें याच समीकरणाच्या आधारें ताऱ्यांत हायड्रोजनच सर्वांत विपुल असला पाहिजे हें दाखविलें. आज खगोलशास्त्राच्या कोणत्याहि पाठ्यग्रंथांत साहा-समीकरण सांपडतें.

हार्वर्डच्या वर्णपटांवरील प्रबंधाबद्दल १९१९ मध्यें साहांना जी शिष्यवृत्ति मिळाली आणि जिच्या जोरावर ते युरोपांत जाऊं शकले, ती प्रेमचंद रायचंदांचीच होती. कापसाच्या सट्ट्यांतला पैसा सूर्याच्या डागांपर्यंत पोंचला तो असा.

एवढें करून साहांच्या हातीं कलकत्त्यास उपकरणें नव्हतींच. स्वतःच्या सिद्धांताची प्रायोगिक परीक्षा त्यांना येथें घेतां येईना. १९२१ मध्यें त्यांना खैरा-आसन मिळालें, पण प्रयोगशाळेसाठीं पैसा नाहीं. १९२३ मध्यें ते अलाहाबादेस निघून गेले. सत्येंद्रनाथ बोस त्यापूर्वींच, १९२१ मध्यें, डाक्याच्या नव्या विद्यापीठांत गेले होते. आइन्स्टाइनला पाठविलेला त्यांचा जगप्रसिद्ध निबंध १९२४ मध्यें तेथूनच गेला. त्याचें श्रेय डाक्याला द्यावयास हवें यांत शंका नाहीं, जरी त्याची मशागत कलकत्त्यांत झालेली होती. पैशाची चणचण अशी होती कीं, प्राध्यापकांचे पगारहि वेळेवर होत नसत. याच सुमारास, १९२२ मध्यें, बंगाल सरकारनें अडीच लाख रुपये देऊं केले. मात्र विद्यापीठाच्या कारभारावर आपला अंकुश राहील अशा अटींवर. आशुतोषांनीं ती रक्कम झिडकारली. घरांत दाणा नसतां दारीं आलेली थैली परत पाठविणें हें शहाणपण कीं हट्ट, यावर तेव्हां फार चर्चा झाली. साहांसारखा माणूस गमावणें ही त्या बाणेदारपणाची एक किंमत होती, हें विसरतां येत नाहीं. पण ती थैली स्वीकारली असती तर पुढें कोणता विषय शिकवावा व कोणास नेमावें हें सचिवालयांत ठरलें असतें, हेंहि तितकेंच खरें आहे. पुढच्याच वर्षीं कुलगुरुपदाची मुदत वाढविण्यासाठीं राज्यपालांनीं घातलेल्या अटी त्यांनीं तशाच फेटाळल्या. २५ मे १९२४ रोजीं पाटण्यास त्यांचें देहावसान झालें.

रामन यांच्या शोधाचा जमाखर्च याहून गुंतागुंतीचा आहे. २८ फेब्रुवारी १९२८ रोजीं त्यांना व त्यांचे सहकारी कृष्णन् यांना जें दिसून आलें, कीं द्रवांतून विखुरतांना प्रकाशाचा अगदीं थोडा अंश आपला मूळ रंग बदलून बाहेर येतो आणि त्या बदलांत त्या द्रवाच्या रेणूंची ओळख लपलेली असते, तें दिसलें बहूबाजार रस्त्यावरच्या सरकारांच्या विज्ञानवर्धक संस्थेंत. विद्यापीठाच्या इमारतींत नव्हे. परंतु रामन यांना निर्वाहाची चिंता न ठेवतां संशोधनास मोकळें ठेवलें तें पालितांच्या निधीनें. १९३० च्या नोबेल पारितोषिकाचा मान दोन्ही संस्था आपापल्या परीनें सांगतात, आणि त्यांत कोणाचेंहि खोटें नाहीं. खिडकी एकाची, दिवा दुसऱ्याचा. १९३३ मध्यें रामनहि कलकत्ता सोडून बंगळूरास गेले.

गेले नाहींत ते आचार्य प्रफुल्लचंद्र राय. प्रेसिडेन्सी महाविद्यालयांतून १९१६ मध्यें निवृत्त होऊन ते पालित-आसनावर आले. साठावें वर्ष उलटल्यापासून आपलें वेतन त्यांनीं विद्यापीठालाच परत दिलें. आणि विज्ञान महाविद्यालयाच्याच एका खोलींत राहून १९४४ मध्यें तेथेंच देह ठेवला. पाऱ्याच्या एका नव्या संयुगाचा त्यांचा प्रसिद्ध शोध आधीच्या काळांतला. या इमारतींत त्यांनीं निर्मिलीं तीं माणसें. ज्ञानचंद्र घोष यांनीं १९१८ मध्यें पाण्यांत विरघळलेल्या तीव्र क्षारांच्या विद्युद्वहनाविषयीं जी उपपत्ति मांडली तिची युरोपांत मोठी चर्चा झाली. पांच वर्षांनीं डिबाय व हुकेल यांनीं अधिक बरोबर उपपत्ति दिल्यावर ती मागें पडली. मागें पडली म्हणून ती वायां गेली असें मात्र म्हणवत नाहीं. योग्य वेळीं विचारलेल्या चुकीच्या उत्तरानेंहि शास्त्र पुढें सरकतें. ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी यांनीं कलिल द्रव्यांचा अभ्यास करतां करतां शेतांतल्या चिकण मातीपर्यंत मजल मारली. प्रियदारंजन राय यांनीं तांबें, कोबाल्ट व निकेल यांचे लेशमात्र अंशहि रंगावरून ओळखतां येतील असें द्रव्य रासायनिक परीक्षेंत आणलें.

रेडिओ ऐकणारांनीं ज्यांचें नांव आवर्जून लक्षांत ठेवावें ते शिशिरकुमार मित्र. फ्रान्समध्यें शिकून १९२३ मध्यें ते परत आले, आणि बिनतारी संदेशांचें शास्त्र त्यांनीं विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांत आणलें. कलकत्त्यांत नियमित ध्वनिक्षेपण सुरू होण्याआधींच विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंतून त्यांनीं असे प्रयोग केले होते. बिनतारी लहर सरळ रेषेंत जाते आणि पृथ्वी तर वाटोळी. मग शेंकडों कोसांवरचें गाणें घरांत कसें ऐकूं येतें? जमिनीपासून शंभर-एक किलोमीटर उंचीवर आणि त्याच्याहि वर, सूर्यकिरणांनीं विद्युद्भारित झालेले हवेचे थर आहेत. ते लहरीला छताप्रमाणें खालीं परतवितात. यांपैकीं शंभर किलोमीटरांच्या आसपासच्या थराचा प्रायोगिक पुरावा मित्रांनीं १९३० मध्यें बंगालच्या आकाशांत मिळविला. त्यांचा वरिष्ठ वातावरणावरील इंग्रजी ग्रंथ १९४७ मध्यें निघाला तेव्हां या विषयाचा असा समग्र ग्रंथ जगांत दुसरा नव्हता, आणि १९४९ मध्यें विद्यापीठाची रेडिओ-भौतिकी व इलेक्ट्रॉनिकीची स्वतंत्र संस्था उभी राहिली.

याखेरीज किती तरी. प्रायोगिक मानसशास्त्राची देशांतली पहिली प्रयोगशाळा याच विज्ञान महाविद्यालयांत निघाली, आणि गिरींद्रशेखर बोस यांनीं तेथूनच फ्रॉइडशीं पत्रव्यवहार करीत त्याच्या मतांना आपला स्वतंत्र पाठभेद सुचविला. मानववंशशास्त्राचा विभाग १९२० मध्यें सुरू झाला. तोहि देशांत पहिलाच. १९३८ मध्यें साहा पुन्हा पालित-आसनावर परतले आणि मुंबईच्या टाटा विश्वस्तनिधीच्या साहाय्यानें अणुगर्भाच्या अभ्यासासाठीं सायक्लोट्रॉन यंत्र उभारण्याच्या उद्योगाला लागले. त्यांतून निघालेल्या संस्थेचें उद्घाटन जानेवारी १९५० मध्यें इरेन जोलिओ-क्यूरी यांच्या हस्तें झालें. १९४४ मध्यें असीमा चटर्जी यांना विद्यापीठानें डी. एस्सी. पदवी दिली. भारतीय विद्यापीठाची ही पदवी मिळविणारी ती पहिली स्त्री. देशी वनस्पतींतील द्रव्यांवरील त्यांच्या कामांतून अपस्माराच्या झटक्यांवरील एक औषध निघालें.

राहतां राहिलें संख्याशास्त्र. १९४१ मध्यें या शास्त्राचा पदव्युत्तर विभाग देशांत प्रथम कलकत्ता विद्यापीठानें काढला. कल्यमपुडी राधाकृष्ण राव हे त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकीं एक. हे कलकत्त्यास आले होते ते लष्करी खात्यांत गणित्याची नोकरी शोधण्यासाठीं. ती मिळाली नाहीं, आणि तेथें योगायोगानें महालनोबिसांच्या संख्याशास्त्र-संस्थेची माहिती कळून ते तिकडे दाखल झाले. एम्. ए. होतांच त्यांना विद्यापीठांत शिकविण्याचेंहि काम मिळालें. वय तेविसाच्या आसपास. त्यांच्या वर्गांत विनायक महादेव दांडेकर हा जवळजवळ त्यांच्याच वयाचा, साताऱ्याचा एक विद्यार्थी होता.

शितावरून भाताची परीक्षा, हेंच या शास्त्राचें बीज. पण एकेका शितावरून केलेला अंदाज निरनिराळा येणारच. त्या अंदाजांतली अनिश्चितता किती खालीं आणतां येईल, याला कांहीं सीमा आहे काय? शितें पुष्कळ घेतलीं तर अशी सीमा आहे, हें इंग्लंडांत फिशर यांनीं दाखविलें होतें, आणि राव तेंच वर्गांत समजावून देत होते. दांडेकरांनीं विचारलें, शितें मोजकींच असलीं तर? रावांपाशीं उत्तर नव्हतें. ते घरीं गेले, रात्रभर त्यावर बसले, आणि दुसऱ्या दिवशीं वर्गांत उत्तर घेऊन आले. तो सिद्धांत १९४५ मध्यें कलकत्ता गणित-परिषदेच्या पत्रिकेंत छापला गेला. ही परिषद १९०८ मध्यें आशुतोष मुखर्जींनींच स्थापन केलेली. स्वीडनमध्यें हॅरल्ड क्रेमर यांना तो स्वतंत्रपणें सांपडला, म्हणून दोघांच्या नांवांनीं तो ओळखला जातो. दांडेकर पुढें पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक झाले आणि १९७१ मध्यें नीलकंठ रथ यांच्यासह त्यांनीं देशांतील दारिद्र्याची मोजणी मांडली. १९९५ मध्यें ते वारले. रावांना त्या १९४५ च्या लेखाबद्दल २०२३ मध्यें संख्याशास्त्राचें आंतरराष्ट्रीय पारितोषिक देण्यांत आलें. तेव्हां ते १०२ वर्षांचे होते, आणि त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें त्यांचें निधन झालें.